कांद्याच्या चाळीतली उडी

दबोराबाईंच्या बॅलेच्या क्लासात उडी मारायला बंदी होती. शिरूरच्या मिशन कंपाऊंडातला जुना हॉल, खाली शहाबादी फरशी, भिंतीला एसटीच्या भंगारातला पाइप बार म्हणून आडवा ठोकलेला, आणि तो पाइप धरून उभ्या चौदा पोरी नि बँकेतल्या एक सविताताई. हात हलवा, मान वळवा, गुडघे वाकवा, एका पायावर पाच मिनिटं उभ्या राहा, काय वाटेल ते करा. पण दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटले की बाईंचा आवाज चढलाच म्हणून समजा. "पाय खाली! ही फरशी आहे, गादी नाही!" एखादीनं दाराशी चपला काढताना सहज टुणकन उडी मारली तरी तिला बाकावर बसवून ठेवायच्या. सहा वर्षं हे असंच चाललेलं. बॅले म्हणजे अर्धा उड्यांचाच नाच, हे बाईंइतकं शिरूरात दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? तरीही बंदी म्हणजे बंदी.

त्याला कारण होतं, आणि ते बाईंच्या डाव्या नडगीत स्टीलची पट्टी होऊन बसलं होतं.

दबोराबाई मूळच्या इथल्याच. वडील एबनेझर शिरूर डेपोत फिटर. माणसाचा कान असा की गाडी घोडनदीच्या पुलावर आली की हे डेपोत बसून सांगायचे, हिचं मागचं बेअरिंग गेलं. लोक सांगतात त्यात थोडा मीठमसाला धरा, पण फिटरमामांचा कान खोटा ठरल्याचं कुणी सांगत नाही. त्यांची ही लेक चोविसाव्या वर्षी पाचगणीच्या एका निवासी शाळेत मेट्रन म्हणून लागली. पोरींची आंघोळ, औषधं, बटणं, उवा, रडणं, सगळं तिच्याकडे. त्या शाळेत एक पारशी बाई आठवड्यातून दोनदा बॅले शिकवायला यायच्या. दबोराचं काम पोरींचे अंबाडे घालायचं आणि बुटांना इलॅस्टिक शिवायचं. सात वर्षं तिनं कोपऱ्यात उभं राहून नुसतं पाहिलं. एक दिवस पारशी बाई वैतागून म्हणाल्या, "अगं, तिकडे उभ्या उभ्या तुझे पाय आपोआप हलतायत. ये की बारला!"

एकतिसाव्या वर्षी माणूस बॅले शिकायला लागतं का? लागलं. वर्षभरानं पहिली परीक्षा दिली ती दहा-दहा वर्षांच्या आठ पोरींबरोबर, छातीवर नंबराचा कागद लावून. परीक्षक आधी तिला कुणाची तरी आई समजले. ती पास झाली, आणि ते तिला "छान" म्हणाले. घरच्या-दारच्या कामासाठी तिला पुष्कळांनी छान म्हटलं होतं. स्वतःच्या मजेसाठी केलेल्या गोष्टीबद्दल हे पहिलंच. त्या रात्री ती वसतिगृहाच्या कपडे वाळवायच्या गच्चीवर जाऊन रडली होती, असं ती स्वतःच हसत सांगते.

पण नाचाचा वर्ग भरायचा तो शाळेच्या जेवणघरात, दगडी फरशीवर. सहा वर्षं दबोरा त्या दगडावर उडत राहिली. नडगी दुखायची, ती तेल चोळायची. हाडाला केसाएवढी चीर गेली होती आणि ही आपली तेल चोळतेय! एका संमेलनाच्या तालमीत उडी मारली ती खाली येताना हाड मोडूनच. फिटरमामा धावत दवाखान्यात गेले, लेकीच्या उशाशी बसले. आयुष्यभर एसटीची इंजिनं उघडलेला माणूस, पण लेकीच्या पायाचा एक्स-रे हातात धरवेना. "परत उडायचं नाही," ते म्हणाले. "शब्द दे." तिनं दिला. तेव्हा ती सदतीस वर्षांची होती. पुढं आई गेली, पप्पा एकटे पडले, तशी ती नोकरी सोडून शिरूरला आली आणि मिशनच्या हॉलात क्लास काढला.

क्लास चालवणं सोपं होतं होय? पोर दोन रविवार आलं की आयांचं सुरू, "टीचर, टीव्हीवर कधी दिसेल?" कुणी ऑनलाइन बोटांवर उभं राहायचे टोकदार बूट मागवायचं, तेही आठ वर्षांच्या लेकीला. बाई ते बूट काढून घ्यायच्या आणि कपाटात कुलपात टाकायच्या. तीन जोड पडून होते. "हाडं पक्की होऊ देत. बारा वर्षं पूर्ण होऊ देत, मग पाय बघून मी सांगेन." कुणाच्या मोबाइलवर एका दिवसात आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राची जाहिरात आली की स्पष्ट सांगायच्या, "एका दिवसात फोटो मिळतो, नाच नाही." आणि सगळ्यांत अवघड तेही सांगून टाकायच्या: यातलं एखादं पोर पुढं जाईल, कदाचित एकही जाणार नाही, बाकीच्यांनी पाठ ताठ ठेवून आनंदानं नाचावं, तेही काही कमी नाही. सविताताई तर पंचेचाळिसाव्या वर्षी आल्या होत्या. "मला कुठ्ठं पोचायचं नाही बाई," त्या म्हणायच्या. "रविवारी एक तास कर्जाच्या फायली विसरायच्यात." बाईंना त्या फार आवडायच्या.

आणि एक होती वैष्णवी. वरवंडची, अकरा वर्षांची, काटकुळी, बोलायला कमी. दर रविवारी तिचे आजोबा आनंदराव चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे पिकअप हाणत तिला घेऊन यायचे. सोसायटीचे माजी चेअरमन. पद गेलं तरी आवाज गेला नव्हता. पोरगी आत, आणि हे बाहेर बाकावर फिटरमामांच्या शेजारी. एकाचं इंजिनाचं चालायचं, दुसऱ्याचं कांद्याचं, आणि दोघंही मान हलवायचे.

पोरीच्या अंगात मात्र काहीतरी होतं. संगीत सुरू झालं की तिच्या खांद्यापासून बोटापर्यंत ते वाहत जायचं. बाई कधी तोंडावर बोलल्या नाहीत, पण तिच्याकडे बघताना त्यांना पाचगणीचा कोपरा आठवायचा.

त्या पावसाळ्यात पुण्याच्या एका नृत्यसंस्थेची सूचना आली. शहराबाहेरच्या मुलांसाठी शनिवार-रविवारचं शिक्षण, चार जागा, फी नाही. वय अकरा पूर्ण पण बाराच्या आत, म्हणजे वैष्णवीला ही एकच संधी. चाचणीचे चार भाग: बारवरचं काम, मधोमध उभं राहून काम, संगीताची जाण, आणि उड्या.

आनंदरावांनी कागद दोनदा वाचला. "बाई, ते चौथं कसं करायचं?"

"तीन भाग ती उत्तम करेल," बाई म्हणाल्या. "चौथ्यात जमेल तेवढं."

"न शिकवता जमंल तेवढं? हे म्हंजी पोरीला हातपाय मारायला शिकवायचं आन् विहिरीत उतरूच द्यायचं न्हाई! सा वर्षं मी गप बसलो. तुमी मास्तरीण, तुमचं खरं. पण आता पोरीचं नुकसान व्हतंय, ते मला बघवायचं न्हाई."

"आप्पा, या फरशीवर मी तिला उडवणार नाही. पटत नसेल तर दुसऱ्या क्लासला घाला."

"वरवंडात काय चौकाचौकात बॅलेचं क्लास हायेत व्हय?"

बाई तडक उठल्या. त्यांनी सलवारीचा पाय गुडघ्याखाली वर केला. नडगीवर वीतभर व्रण होता. आनंदरावांनी वाकून पाहिलं.

"फरशीनं?" त्यांनी विचारलं.

"फरशीनं आणि माझ्या हट्टानं."

"मग कशावं उडायचं असतं?"

"लाकडावर. खाली पोकळी असलेल्या. पाय पडला की ते जरासं दबतं आणि परत वर ढकलतं. तसलं शिरूरात कुठून आणू?"

आनंदराव उठले. पोरीला घेऊन निघून गेले. पुढच्या रविवारी वैष्णवी आली नाही. बाईंनी बारवरची तिची जागा मोकळी ठेवली, आणि क्लास संपल्यावर पप्पांवर उगीचच चिडल्या. आपण पोरीचे पाय वाचवले की पोरीचा नाच मोडला, हे त्यांना कळेना, आणि त्यानं जीव नुसता कुरतडला.

गुरुवारी आनंदरावांचा फोन. "बाई, फिटरमामांना घिऊन वरवंडला या. आजच."

बाप-लेक एसटीनं पोचले. आनंदरावांनी त्यांना चहासुद्धा न विचारता मळ्यात नेलं, थेट कांद्याच्या चाळीपाशी. ज्यांनी चाळ पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: पत्र्याखाली दोन लांबलचक कप्पे, मध्ये जायला वाट. कांद्याला खालूनही वारा लागावा म्हणून कप्प्यांचा तळ जमिनीपासून दोन फूट वर, लाकडी पट्ट्यांचा. रुंदी चार फूट, लांबी चाळीस. उजवा कप्पा कांद्यानं गच्च भरलेला. डावा रिकामा, आणि त्याच्या पट्ट्यांवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्लॅबच्या सेंट्रिंगचं प्लायवूड अंथरलेलं. मुलगा इंद्रजीत सेंट्रिंगची कामं घ्यायचा, त्याचंच ते.

"खाली पोकळ हाय," आनंदराव म्हणाले. "वर लाकूड हाय. बघा आता."

वाटेवर उभ्या झुंबरबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, पदर खोचून तयारच होत्या. "दिवाळीपोतर ठिवायचा कांदा श्रावणात इकला ह्या माणसानं! नातीनं उड्या माराव्यात म्हनून! मी म्हनलं, डोस्कं हाय का?" असं म्हणत त्यांनी प्लायवर राहिलेलं कांद्याचं एक साल उचललं आणि खिळा कुठं वर आलाय का ते हातानं चाचपत पुढं गेल्या. एवढं ओरडून बाईमाणूस सकाळपासून तो तळ झाडत होतं!

दबोराबाईंनी प्लायवर तळहात टेकवला. डोळे भरून आले ते त्यांनी कांद्याच्या वासावर ढकललं.

मग मात्र त्या मास्तरीण झाल्या. ही फट बुजवा, हा खिळा ठोका, इथं रंधा मारा. फिटरमामा चाळीखाली सरपटत शिरले आणि म्हणाले, "वैष्णवी, एक उडी मार." पोरगी उडाली. "ठक वाजलं," खालून आवाज आला. "ठक वाजलं म्हणजे पोरीचं हाड सोसतंय. थांबा." दोन दिवसांनी ते एसटीच्या जुन्या टायरचे तुकडे कापून घेऊन आले आणि प्लायखाली हातहातभर अंतरावर बसवले. परत कान लावला. या वेळी नुसता अंगठा वर केला.

चार आठवडे बाई एक दिवसाआड वरवंडला गेल्या. "आधी बोटं, मग तळवा, मग टाच, मग गुडघे. उतरलीस ते ऐकू आलं नाही पाहिजे." पोरगी आधी धपाधप पडायची. मग कमी कमी. पंधरा दिवसांत ती अशी सरळ वर जायची आणि सरळ खाली यायची की झुंबरबाई वाटेत सूप घेऊन उभ्याच राहायच्या. पुढं पुढं जायच्या आडव्या उड्यांना मात्र जागा कमी होती; लांबीत दर काही फुटांवर छपराचे आडवे वासे डोक्याला लागायचे, म्हणून त्या रुंदीतच मारायच्या. दोन झाल्या की प्लाय संपायचं, पलीकडे वाट आणि मग कांद्याचा ढीग. तिसरीला पोरगी खाली पडेल म्हणून बाई दर वेळी ओरडायच्या, "थांब! पुढं कांदे आहेत!" वैष्णवी थांबायची.

एकदा आनंदरावांनी विचारलं, "बाई, तुमी न्हाई उडत?"

बाईंनी चाळीशेजारी बसलेल्या वडिलांकडे पाहिलं. "पप्पांना शब्द दिलाय," त्या म्हणाल्या.

पुण्याच्या त्या संस्थेत दालनाला काचेचं दार होतं. आत तेवीस मुलं, बाहेर पालक. बाई, आनंदराव आणि फिटरमामा काचेला नाक लावून. पहिले तीन भाग पोरीनं असे केले की आनंदराव शेजारच्या अनोळखी बाईला कोपरानं ढोसून म्हणाले, "आमची हाय." चौथा भाग. जागच्या उड्या. बाकीची मुलं उडता उडता इकडंतिकडं सरकत होती, आणि वैष्णवी खांबासारखी सरळ, उतरताना मांजरीसारखी. परीक्षक बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

मग आडव्या उड्या, चौघी चौघींच्या रांगेत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. एक. दोन. आणि वैष्णवी थांबली. बाकीच्या तिघी भिंतीपर्यंत गेल्या, ही एकटी मोकळ्या जमिनीवर पाय जुळवून उभी. परीक्षक बाईंनी परत करायला सांगितलं. एक, दोन, थांबली.

"का थांबतेस बाळ?"

पोरगी घाबरून गेली होती. "पुढं कांदे हायेत," ती म्हणाली.

आत हशा पिकला. वैष्णवीचे कान लाल झाले. काचेबाहेर दबोराबाईंना दाराच्या फटीतून ते ऐकू आलं. कांदे पोरीच्या डोक्यात कुणी भरले? आपणच! पोरगी चुकली नव्हती, पोरगी ऐकत होती.

परीक्षक बाई हसल्या नाहीत. "कोणी शिकवलं तुला?" पोरीनं काचेकडे बोट केलं. दार उघडलं, दबोराबाई आत गेल्या आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळ्या झाल्या: फरशी, सहा वर्षांची बंदी, चाळ, चार फूट रुंदी. "चूक माझी आहे मॅडम. तिची धरू नका." परीक्षक बाई वैष्णवीपुढं खाली बसल्या, तिच्या नडग्या अंगठ्यानं वरपासून खालपर्यंत दाबत गेल्या. "दुखतं?" "न्हाई." त्या उठल्या. "इथं येणाऱ्या निम्म्या मुलांचं दुखतं," त्या म्हणाल्या. "आता तुम्हीच सांगा तिला."

दबोराबाई पोरीपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "वैष्णवी," त्या म्हणाल्या, "पुढं कांदे नाहीत. कुठंच नाहीत. भिंतीपर्यंत जा."

पोरगी भिंतीपर्यंत गेली. हात टेकवून आली.

आठवड्यानं यादी लागली, तीत तिचं नाव तिसरं होतं. आनंदरावांनी वरवंडात पेढे वाटले, मिशन कंपाऊंडात वाटले, शिरूर डेपोतसुद्धा वाटले. आणि पुढच्या शनिवारपासून वैष्णवी इंद्रजीतबरोबर पुण्याला जायला लागली. बाईंनी बारवरची तिची जागा बाकीच्यांना सरकवून भरून काढली. व्हायचं ते चांगलंच झालं होतं, पण घरी गेल्यावर त्यांना जेवण गेलं नाही.

तिसऱ्या रविवारी हॉलापुढं पिकअप येऊन थांबली. हौद्यात प्लायवूड रचलेलं, लाकडी पट्ट्या, टायरचे तुकडे.

"आप्पा, हे काय? वैष्णवी तर..."

"ती गेली पुण्याला. ह्या चौदाजणी कुठं उडायच्या?" आनंदराव गाडीतून उतरले. "दुसरा कप्पाबी मोकळा केलाय. झुंबरबाई बोलंना झालीय, पण प्लाय तिनंच घासून दिलंय. नवा कांदा यायला एप्रिल उजाडंल, तवाचं तवा बघू. तुमच्या मिशनच्या कमिटीशी बोलून आलोय, फरशीत एक खिळा मारायचा न्हाई. चार-चार फुटाचं तुकडं, अंथरायचं आन् उचलून ठिवायचं."

सगळ्यांनी मिळून तुकडे अंथरले. एकाला एक जोडून हॉल भिंतीपासून भिंतीपर्यंत भरला. फिटरमामांनी प्रत्येक तुकड्यावर काठी आपटून ऐकलं, दोन ठिकाणी रबर बदललं. पोरी कडेनं उभ्या राहिल्या. सहा वर्षांची सवय, एकीचाही पाय उचलेना.

"बाई," सविताताई म्हणाल्या, "आधी तुम्ही."

दबोराबाईंनी वडिलांकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं काठी आणखी एकदा जमिनीवर आपटली. "जमीन चांगली आहे," ते म्हणाले. "मी ऐकलीय. पण मला बघवायचं नाही. मी बाहेर तोंड करून बसतो. तू तुझं काय ते कर." आणि दारात, पाठ फिरवून, काठीवर दोन्ही हात ठेवून बसले. मान आखडलेली, कान आतल्या आवाजाकडे.

फिटरमामा वाट बघत राहिले. कंपाऊंडबाहेरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज विरला. तरी काही वाजेना.

"दबोरा," त्यांना राहवेना. "उडतीयेस का नाही? किती वेळ लावशील?"

"उडाले, पप्पा," मागून आवाज आला, धापा टाकत, हसत. "तीनदा."